जमिनीला चटक लागते काय?

— बी. ए. भाग २ (भूगोल)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने मातीतल्या नत्रावर लेख लिहावा, हे काही वाचकांना विचित्र वाटेल. हा विषय मी निवडलेला नाही, तो आमच्या अंगणात भांडण होऊन माझ्याकडे आला. आणि भूगोल हा विषय घेतल्यावर माणूस मातीपासून फार दूर पळू शकत नाही, हेही खरेच.

आमचे कुडवा गोंदिया शहराला लागून आहे. जिथे कालपर्यंत धानाच्या बांध्या होत्या, तिथे आता चुन्याच्या रेघा आणि सिमेंटचे खांब दिसतात. प्लॉट पडतात, पण घरे काही एका रात्रीत उठत नाहीत. मधल्या काळात जमीन पडीत राहते. धुरे तसेच असतात, बांधीचा आकार तसाच असतो, फक्त धानाच्या जागी गवत उभे असते आणि गावची ढोरे तिथे चरतात. सातबाऱ्यावर त्याला कुणी कुरण म्हणत नाही, पण ज्याच्या घरी दोन गाई आहेत त्याच्या दृष्टीने ते कुरणच.

आमच्या दोन बांध्यांचे असेच झाले. शेजारच्या जमिनी विकल्या गेल्या, पाण्याची वाट बुजली आणि सात वर्षांपूर्वी आमची शेवटची रोवणी झाली. पहिली दोन वर्षे गवत कमरेइतके वाढले. सगळे खूश होते. पुढे ते विरळ होत गेले, पिवळसर दिसू लागले, आणि चांगल्या गवताच्या जागी तरोटा माजला. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बाबूजी म्हणाले, "एक बोरी युरिया फेकून पाहू, गवत उठेल." आजी ओसरीवरून म्हणाली, "नको रे बापा. तीस वर्षं चारला, म्हणून तर जमिनीले चटक लागली. आता तिले उपास सोसत नाही." दोघांचे जुंपले, आणि शेवटी बाबूजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना? सांग मग कोणाचं खरं."

मला सांगता आले नाही. म्हणून ग्रंथालयात जाऊन बसले, आमच्या भूगोलाच्या सरांना छळले, आणि जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. जमिनीला खरोखरच चटक लागते काय? वर्षानुवर्षे खत घातलेली जमीन, खत थांबल्यावर आणि वर गवत आल्यावर, नेमकी कशी वागते?

ढोलीतले धान आणि ताटातला भात

प्रथम नत्राचा प्रवास समजून घेऊ. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्र आहे, पण गवताला त्याचा थेट उपयोग नाही. समुद्रात राहून तहानलेले असावे तशी वनस्पतींची स्थिती असते. त्यांना नत्र हवे असते ते मुख्यतः अमोनियम किंवा नायट्रेट या विरघळणाऱ्या रूपात.

मातीत मात्र नत्राचा साठा मोठा असतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटीमीटर थराचे वजन सुमारे २० लाख किलो भरते. त्यात हजारात एक भाग नत्र धरले तरी तो साठा २,००० किलोंचा होतो. हा जवळजवळ सगळा साठा सेंद्रिय रूपात, म्हणजे कुजलेली मुळे, पाने, शेण आणि मेलेले जीवाणू यांच्यात अडकलेला असतो. आमच्या गोंदियाच्या भाषेत सांगायचे तर हे ढोलीतले धान आहे. धान भरपूर असले तरी कुणी ते तसेच खात नाही. त्याची भरडाई व्हावी लागते, तांदूळ शिजावा लागतो, तेव्हा ताटात भात येतो. मातीत ही राईस मिल आणि ही चूल दोन्ही जीवाणूंच्या हाती असतात. ते सेंद्रिय पदार्थ कुजवून अमोनियम मोकळे करतात. दुसऱ्या जातीचे जीवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात. हे दुसरे काम जीवाणू करतात, हे १८७७ मध्ये श्लोसिंग आणि म्युंझ या फ्रेंच संशोधकांनी दाखविले, आणि १८९० च्या सुमारास विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते जीवाणू वेगळे काढले. ढोलीतला साधारण १ ते ३ टक्के नत्रच दर वर्षी अशा रीतीने ताटात येतो.

ताटातला भात मात्र टिकत नाही. गवताने खाल्ला तर ठीक. नाहीतर नायट्रेट पाण्याबरोबर खाली निचरून जाते, किंवा पाणी साचलेल्या, हवा न मिळणाऱ्या मातीत आणखी काही जीवाणू त्याचा पुन्हा वायू करून हवेत सोडतात.

युरिया म्हणजे बाहेरगावाहून आलेला जवळजवळ शिजलेलाच भात. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याची किमया जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली दाखविली आणि १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे तिचा कारखाना निघाला. आपल्याकडे सिंद्रीचा मोठा सरकारी खत कारखाना १९५१ मध्ये सुरू झाला. १९६६ नंतर आय. आर. ८ आणि पाठोपाठ जया अशा बुटक्या, खताला दाद देणाऱ्या धानाच्या जाती आल्या आणि युरियाची बोरी घराघरांत पोहोचली. युरियात ४६ टक्के नत्र असते. पूर्वी बोरी ५० किलोंची होती. २०१८ पासून ती ४५ किलोंची झाली, म्हणजे एका बोरीत २०.७ किलो नत्र. पण पाणी भरलेल्या बांधीत टाकलेल्या युरियातील सामान्यतः ३० ते ४० टक्केच नत्र धानाला मिळते. उरलेले काही हवेत जाते, काही पाण्यात, आणि काही मातीतच राहते. हे मातीत राहिलेले नत्र पुढे काय करते, यातच आमच्या भांडणाचे उत्तर आहे.

पहिली आठवण : साठा

माझी अशी समजूत होती की युरिया एका हंगामात संपतो. फ्रान्समध्ये झालेल्या एका प्रयोगाने ती दूर केली. तेथे १९८२ साली जमिनीला खुणेचे नत्र दिले गेले. खुणेचे म्हणजे ज्याचे अणू नेहमीच्या नत्राहून किंचित जड असल्यामुळे पुढे कधीही ओळखता येतील असे. त्यावर गहू आणि बीट ही पिके घेत घेत जवळजवळ तीन दशके ते नत्र कुठे जाते, हे पाहिले गेले. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ६१ ते ६५ टक्के खत पिकांनी घेतले. ८ ते १२ टक्के भूजलाकडे झिरपले. आणि १२ ते १५ टक्के खत २८ वर्षांनंतरही मातीच्या सेंद्रिय पदार्थातच होते. म्हणजे भाताचे पुन्हा धान झाले होते, आणि ते ढोलीत जाऊन बसले होते.

आमच्या बांधीच्या पहिल्या दोन वर्षांचे कोडे येथे सुटते. धानाची जमीन चार महिने पाण्याखाली राहते, त्यामुळे कुजण्याची क्रिया मंद असते. ती पडीत पडली की हवा आत शिरते, कुजणे वेगाने होते, आणि जुना साठा मोकळा होऊ लागतो. उन्हाळ्यात तापून कोरड्या पडलेल्या मातीवर मृगाचा पहिला पाऊस पडला की जीवाणू एकदम जागे होतात आणि नत्राचा लोंढा सुटतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ साली या घटनेचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि शास्त्रात ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कमरेइतके वाढलेले ते गवत म्हणजे आमच्या बाबूजींनी मागे टाकलेल्या युरियाचे, शेणखताचे आणि धसकटांचे व्याज होते.

मग व्याज थांबले का? कारण गवताची मुळे आणि वाळलेल्या काड्या कुजविताना जीवाणूंना स्वतःसाठी नत्र लागते, आणि ते मातीतले नत्र गवताच्या आधीच उचलतात. दुसरे कारण आमच्याच घरातले आहे. ढोरे त्या बांध्यांत चरतात. शेण मात्र आम्ही गोळा करून आणतो आणि गोवऱ्या थापतो. उन्हाळ्यात कुणीतरी वाळलेल्या गवताला काडी लावतो, तेव्हा त्यातले नत्र धुराबरोबर जाते. ढोलीतून काढणे चालू आणि भरणे बंद, अशी ही गत होती. यात चटक कसली आली? ही तर साधी उधळपट्टी.

दुसरी आठवण : आंबटपणा

पण आजीचे म्हणणे असे झटकून टाकता येत नाही. अमोनियमचे नायट्रेट होताना मातीत आम्ल तयार होते. नायट्रेट झाडाने घेतले तर त्याचा बराचसा भाग फिटतो; पण ते निचरून गेले, तर जाताना चुना बरोबर नेते आणि आम्ल मागे ठेवते. दर वर्षी थोडे थोडे असे हे कर्ज साचत जाते. अमोनियम सल्फेटने ते अधिक साचते, युरियाने त्या मानाने कमी.

कुरणावर हे किती दूरवर जाऊ शकते, याचा सर्वात जुना पुरावा इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे आहे. लॉज आणि गिल्बर्ट यांनी १८५६ साली एका गवताळ शेताचे तुकडे पाडून प्रत्येकाला वेगळे खत द्यायला सुरुवात केली. तो प्रयोग आजही चालू आहे! काहीच खत न दिलेल्या तुकड्यांवर सुमारे ४० जातींच्या वनस्पती आढळतात. वर्षानुवर्षे भरपूर अमोनियम सल्फेट मिळालेल्या आणि चुना न दिलेल्या तुकड्यांवर दोन-तीनच जाती उरल्या. तेथील मातीचा सामू ४ च्याही खाली गेला. गांडुळे नाहीशी झाली, आणि वाळलेले गवत कुजेनासे होऊन त्याची जाड गादी जमिनीवर साचली. म्हणजे खत घालून घालून शेवटी नत्राची गिरणीच बंद पडली.

आपल्या देशात कुरणांवर नव्हे, पण पिकांवर अशी दीर्घकालीन पाहणी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९७० पासून निरनिराळ्या ठिकाणी सुरू केली. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथे १९७२ पासून मका आणि गव्हाचा प्रयोग चालू आहे. तेथे आम्लधर्मी मातीत स्फुरद, पालाश, शेणखत, चुना यांपैकी काहीही न देता फक्त युरिया देत राहिलेल्या तुकड्यावर पुढे पीक येणेच बंद झाले. याउलट आपल्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी आणि गव्हावर असाच प्रयोग आहे. तेथली काळी जमीन चुनखडीयुक्त असल्यामुळे आम्ल पचविते. तेथे शेणखत आणि रासायनिक खते यांची जोड दिलेल्या तुकड्यांनी जमिनीचा कस सर्वात चांगला राखला. तात्पर्य, एकच खत दोन जमिनींत दोन आठवणी ठेवून जाते.

आमच्या जिल्ह्यात जमिनीची नावेच किती आहेत पहा : कन्हार, मोरांड, खर्डी, सिहार, बर्डी. कन्हार काळी आणि चिकण. सिहार रेताड, पिवळसर, धानाची आवडती. बर्डी तांबडी, मुरमाड. हलक्या जमिनींत चुन्याची शिल्लक मुळातच कमी, आणि वर्षाला १२०० मिलीमीटरहून अधिक पाऊस पडून ती धुतली जाते. शिवाय धानाच्या बांधीत एक गंमत आहे. आम्लधर्मी माती पाण्याखाली गेली की तिचा सामू चढतो आणि आंबटपणा झाकला जातो. पाणी कायमचे हटले, बांधी पडीत पडली, की तो उघडा पडतो. तेव्हा धान पिकत होते म्हणून माती निरोगी होती, असा निष्कर्ष काढणे बरोबर नाही.

तिसरी आठवण : सोबती

तिसरी गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटली, कारण ती मी स्वतः पाहू शकले.

कुरणात नत्राची भर घालणारे खरे धनी म्हणजे शेंगावर्गीय लहान वनस्पती. त्यांच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतले नत्र पकडतात, हे १८८० नंतरच्या दशकात हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी सिद्ध केले. पण या वनस्पती हिशेबी असतात. गाठीतल्या जीवाणूंना पोसण्यासाठी त्यांना स्वतःची साखर खर्च करावी लागते. मातीत आयते नायट्रेट मिळत असेल, तर त्या गाठी धरीत नाहीत. घरी सुग्रास जेवण येत असताना चूल कोण पेटवील? इकडे नत्रावर माजलेले उंच गवत सावली धरते आणि खाली पसरणाऱ्या या रोपट्यांना जगू देत नाही. वर्षे लोटतात. रोपटी जातात, बी जाते. पुढे खत थांबते, पण स्वयंपाकीण केव्हाच निघून गेलेली असते.

श्रावणात मी खुरपे घेऊन आमच्या बांध्यांवर गेले. बांधीच्या मध्ये बाबूजींनी तीस वर्षे खत टाकले होते. धुऱ्यावर मात्र कुणी कधी मुद्दाम टाकले नव्हते. धुऱ्यावर दूब होती, कुसळ होते, आणि जमिनीला चिकटून रानमेथी पसरली होती. तिची मुळे हलक्या हाताने धुतली, तर त्यांवर मोहरीपेक्षा लहान गाठी होत्या, आणि नखाने फोडल्यावर आतून गुलाबी निघाल्या. गुलाबी रंग हा गाठ काम करीत असल्याची खूण समजली जाते. बांधीच्या मध्यभागी अर्धा तास शोधून मला रानमेथीची दोनच रोपे सापडली. तरोटा मात्र छातीपर्यंत होता. तरोटाही शेंगेचाच, पण त्याच्या मुळांवर गाठी येतच नाहीत, आणि हिरवा तरोटा ढोरे खात नाहीत. अर्थात धुऱ्यावर पाणी साचत नाही आणि नांगरही फिरत नाही, हीसुद्धा कारणे असणार. एका दुपारच्या पाहणीवरून सगळा दोष युरियाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. पण पुस्तकात वाचलेली गोष्ट मुळाशी बसून पाहिल्याचा आनंद काही वेगळाच!

गेलेले सोबती परत येतात काय? रोथॅमस्टेडला १९८९ नंतर काही तुकड्यांच्या अर्ध्या भागाचे नत्र थांबविण्यात आले, आणि तेथे वनस्पतींच्या जाती पुन्हा वाढल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. पण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, सीडर क्रीक येथील गवताळ प्रदेशात, केवळ दहा वर्षे नत्र देऊन थांबविलेल्या तुकड्यांवर दोन दशकांनंतरही जाती परतल्या नव्हत्या. त्यामुळे "आपोआप होईल ठीक" असे म्हणून हातावर हात ठेवता येत नाही.

विहिरीतली आठवण

येथे एका वेगळ्या धोक्याचाही उल्लेख केला पाहिजे. गवताने न घेतलेले नायट्रेट खाली जाते, आणि आमच्या भागात खाली विहिरी आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलीग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असू नये, असे भारतीय मानक आहे. लहान बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती अशा पाण्याने घटते. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातील एकतृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ही मर्यादा ओलांडलेली आढळली. त्याला केवळ खत जबाबदार नाही. सांडपाणी आणि गोठेही आहेत. पण शेताचे प्लॉट होतात आणि त्याच जमिनीत नवी बोअरवेल घेतली जाते, तेव्हा खालचे पाणी एकदा तपासून घेण्याचे शहाणपण असावे.

चांगले वाढलेले बारमाही गवत ही गळती बरीच रोखते. त्याच्या दाट मुळांना नायट्रेट सहसा चुकत नाही. इतकेच नव्हे, तर ब्राकिआरिया नावाच्या कुरणी गवताची मुळे एक द्रव्य सोडून अमोनियमचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंना आवर घालतात, असे जपानमध्ये काम करणारे भारतीय शास्त्रज्ञ जी. व्ही. सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिले. ताटात भात वाढण्याआधी भूक पाहावी, हे गवतालाही कळते!

मग खरे कोणाचे?

दिवाळीच्या सुट्टीत मी माझा निकाल ओसरीवर वाचून दाखविला. बाबूजींचे खरे इतकेच, की गवत नत्राला भुकेले आहे आणि युरिया टाकला तर ते आठ दिवसांत हिरवे होईल. पण ती हिरवळ एका हंगामाची. आणि जी दोन रोपे रानमेथीची उरली आहेत, तीही त्या सावलीत जातील. आजीचे खरे इतकेच, की जमीन आज दुबळी दिसते त्यामागे जुन्या सवयीचा हात आहे. पण चटक मातीला लागलेली नाही. माती दारू प्यायलेली नाही. तिचा साठा आपण काढला, तिचा चुना धुतला गेला आणि तिच्या सोबत्यांना आपण घालवून दिले. व्यसन असते तर उपवास हा उपाय ठरला असता. येथे नुसता उपवास पुरत नाही; जे गेले ते परत आणून द्यावे लागते.

ते कसे, यावर आमचे एकमत झाले. आधी मातीची तपासणी. आमच्या जिल्ह्यात हिवरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. तिथे विचारून सामू, सेंद्रिय कर्ब आणि स्फुरद पाहायचे, आणि सामू उतरलेला असेल तरच चुना. शेणाचा निम्मा वाटा बांधीतच राहू द्यायचा. तरोटा फुलावर येण्यापूर्वी कापायचा. गवताला काडी लावू द्यायची नाही.

शेवटचा उपाय आजीने सांगितला. "धान कापाच्या आधी उभ्या बांधीत आमी लाखोरी फेकत होतो. नांगर नाही, खत नाही. ओलीवर येत होती." ही उतेऱ्याची पद्धत आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. लाखोरीच्या मुळांना गाठी असतात, तिचा पाला ढोरे आवडीने खातात, आणि उरलेली मुळे ढोलीत नत्र टाकून जातात. आजीला गाठीतल्या जीवाणूंचे नाव ठाऊक नव्हते. लाखोरीनंतरचे धान हिरवे निघते, एवढे मात्र तिला पक्के ठाऊक होते.

बाबूजी बराच वेळ गप्प होते. मग उठून आत गेले आणि कोपऱ्यात ठेवलेली युरियाची बोरी उचलून शेजारच्या काकांच्या धानासाठी देऊन आले. परत आल्यावर आजीला म्हणाले, "माय, लाखोरीचं बी कोणाकडं भेटंल?"

आजीने तीन घरांची नावे सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी, दव उतरण्यापूर्वी, आम्ही तिघांनी ओलसर गवतात बी फेकले.

ते किती उगवते, हे पुढील अंकापर्यंत कळेलच. आमच्या त्या दोन बांध्यांवरही एक दिवस प्लॉटचे खांब उभे राहतील, हे मला माहीत आहे. पण तोवर ते कुरण आहे, आणि त्याने मागच्या तीस वर्षांचे काही विसरलेले नाही. आपण आज त्यात जे टाकू, तेही ते विसरणार नाही.